मेंदीच्या शाईचं मतदान

मतदान या गोष्टीवर माझ्या मावससासऱ्यांइतका जीव टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा या माणसाने आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांची लग्नं लावून स्वतः ब्रह्मचारी राहिलेल्या भटजीसारखं हे प्रकरण होतं. नव्वदच्या दशकात मी पंप विकणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर म्हणून मस्कतला आलो, तेव्हा बायकोच्या मावशीचे हे यजमान मस्कतच्या रुवी भागात मुरून गेले होते. एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. जेवायला बसले तरी ताट टेबलाच्या कडेला समांतर आहे की नाही हे आधी बघणार. मी त्यांना काका म्हणायचो. ते मला ‘जावईबापू’ म्हणायचे, आणि त्या शब्दात मान किती आणि शंका किती हे मला आजवर नीट उकललेलं नाही.

आमच्या तालुक्यातून ओमानात आलेल्या लोकांचं एक मंडळ होतं. गणपती, वर्षातून एक सहल, कुणाचं बरंवाईट झालं तर धावपळ करायला चार माणसं, आणि उरलेल्या वेळात भांडण, एवढा त्याचा कारभार. दर वर्षाआड मंडळाची कार्यकारिणी निवडली जायची आणि निवडणूक अधिकारी कायम काका. त्यांना त्या पदावर कोणी निवडलं होतं, असा प्रश्न मी एकदा भाबडेपणाने विचारला. “निवडणूक अधिकाऱ्याची निवडणूक नसते, जावईबापू. न्यायाधीशाला कुणी मतं मोजून नेमतं का?” एवढं बोलून ते पुन्हा मतपत्रिकांवर रेघा मारायला लागले. मतपत्रिका ते स्वतः ड्रॉइंगच्या पेनने आखायचे. छापलेल्या रेघेवर त्यांचा विश्वास नव्हता.

तरुणपणी ते कोकणात शाळामास्तर असताना त्यांना एका निवडणुकीत मतदान केंद्रावर ड्यूटी लागली होती. एकदाच. पण एकदा काशीला जाऊन आलेला माणूस जसा पुढे गावच्या ओढ्यालाही गंगा म्हणतो, तसं त्यांचं झालं. त्या एका दिवसाची सगळी शिस्त त्यांनी मस्कतला जशीच्या तशी आणली. मतपेटी म्हणजे दुधाच्या पावडरीचा मोठा डबा, झाकणाला चीर पाडलेला, आणि त्यावर मेणबत्तीवर वितळवलेल्या लाखेचं सील. मतदानाचा कक्ष फ्रिजच्या खोक्याचा, त्याला पडदा मावशींच्या जुन्या साडीचा. न पुसणारी शाई मस्कतला मिळेना, तेव्हा त्यांनी मत्रा सूकमधून, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातून, मेंदी आणली. मत दिलं की डाव्या हाताच्या तर्जनीच्या नखावर मेंदीचा ठिपका. आता मेंदी काही लगेच रंगत नाही, त्यामुळे मत देऊन झालेली माणसं बाकावर एक बोट वर करून सुकवत बसायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, एवढ्या दांडग्या बाप्यांना गुरुजींना एकाच वेळी काहीतरी विचारायचंय. खरं तर आम्ही सगळे एकमेकांना ओळखत होतो. कोणी दोनदा मत द्यायला आला असता तर त्याच्या बायकोपर्यंत बातमी गेली असती. पण शाई हवी म्हणजे हवी.

निवडणूक जाहीर झाली की काका उमेदवारांच्या घरचं पाणीही प्यायचे नाहीत. एका वर्षी मला सांस्कृतिक चिटणीस होण्याचा झटका आला. दिवाळीचे दिवस, बायकोने मावशीकडे फराळाचा डबा पाठवला. डबा तसाच परत आला, वर काकांच्या आखीव अक्षरात चिठ्ठी: ‘उमेदवाराकडून आलेल्या चकल्या मोजून, न खाता, परत.’ मावशींनी मागाहून फोन करून हळूच सांगितलं की एक चकली त्यांनी खाल्ली होती, पण त्यांचं नाव मतदारयादीत नसल्याने त्यात आचारसंहितेचा भंग होत नाही. मी ती निवडणूक हरलो. माझ्या स्वतःच्या मजल्यावरच्या लोकांनीही मला मत दिलं नव्हतं, आणि हे मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं.

मंडळाची मतदान केंद्रं तीन असायची: रुवीला, सोहारला आणि आत वाळवंटात, आदम गाव मागे टाकून हैमाच्या वाटेवर असलेल्या एका कॅम्पावर. काकांचा जीव या तिसऱ्यात. तिथे आमच्या तालुक्याचे वेल्डर, रिगर, क्रेनवाले राहायचे. शुक्रवारी पहाटे गाडीत डबा, फ्रिजचं खोकं आणि मेंदी घालून आम्ही निघायचो. गाडी चालवायला मी, कारण जावई. रस्ता इतका सरळ की झोप आली तरी वळण चुकायची भीती नाही. भीती फक्त उंटांची. वाटेत काका बोलायचे नाहीत. मतपेटी मांडीवर घेऊन बसायचे, लग्न ठरवायला निघालेला बाप पत्रिका धरून बसतो तसे.

कॅम्पावर पोचेपर्यंत माणसं आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून, अत्तर लावून पोर्टाकॅबिनसमोर रांगेत उभी असायची. आतलं टेबल काका आधी पुसून घेत. मग यादी उघडून पहिलं नाव वाचत. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वाडी, गाव. “महादेव सखाराम शिगवण, तळेवाडी.” शिगवण पुढे यायचा आणि म्हणायचा, “हजर.”

पहिल्या वर्षी मला हा सगळा थाट विनोदी वाटला. त्या दिवशी मी मतदान अधिकारी क्रमांक दोन होतो. शिगवण पडद्याआड बराच वेळ काढतोय, बाहेर चहा तर निवतोय, असं बघून मी पडदा सारून त्याच्या हातात कप दिला. काकांनी मतदान थांबवलं. मला गाडीत जाऊन बसायला सांगितलं आणि शिगवणला नवी मतपत्रिका दिली. भर उन्हात काच खाली करून मी गाडीत बसलो असताना शिगवण बोट सुकवत माझ्याशी गप्पा मारायला आला.

“रागावले काय म्हातारे?”

“तुला एवढा वेळ कशाला लागला रे? नावं तर चारच होती.”

तो हसला. क्रेनवर बसून बसून त्याला मान वर करून बोलायची सवय लागली होती. “साहेब, हितं मला क्रेन म्हणतात. ‘ए क्रेन, इकडं ये.’ दोन वर्षांनी एकदा कोणतरी बापाचं नाव घेऊन हाक मारतो. जरा उभा रायलो आत.”

एवढ्यात पलीकडचा एक पठाण डंपरवाला ती मेंदीची बोटं बघून विचारत आला, “किसकी शादी है?” शिगवण म्हणाला, “सबकी.” त्यानंतर मी हसणं जरा कमी केलं.

परतीच्या वाटेवर त्या दिवशी काका थोडंसं बोलले. “गावच्या यादीतून यांची नावं उडालीत. तुमचंही, माझंही. परदेशी गेला, खलास. इथे आपण पाहुणे. या माणसांना जगात कुणी विचारत नाही की बाबा, तुझं काय म्हणणं आहे. वर्षाआड आपण विचारतो. तर नीट विचारावं.”

असं बरीच वर्षं चाललं. मग मंडळात नवी पिढी आली. नवा चिटणीस कुरुमच्या एका बँकेत संगणकावर बसायचा, मुलगा हुशार आणि मनाने चांगला. त्याने सभेत मांडलं की ही तीन ठिकाणची जत्रा आता पुरे. रुवीला एकच मोठं केंद्र ठेवू, तिथे कुठलाही सभासद येऊन मत देईल, आणि लांबच्यांना मतपत्रिका पोस्टाने पाठवू. थेट दक्षिण टोकाच्या सलालाचे लोक आजवर मतच देऊ शकले नव्हते, तेही देतील. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढे तो म्हणाला, “काका, एकदा करून बघू. कॅम्पवाल्यांनी प्रतिसाद दिला तर उत्तमच. नाही दिला, तर त्यांना मंडळात इंटरेस्ट नाही असं समजू. मग कॅम्पाचा वेगळा प्रतिनिधी तरी कशाला ठेवायचा?”

कॅम्पाचा प्रतिनिधी म्हणजे शिगवण. कार्यकारिणीत ऑफिसवाल्यांच्या पलीकडची ती एकच खुर्ची होती. कॅम्पावर कोणी आजारी पडलं, कोणाची सुट्टी अडली, की त्या खुर्चीतून आवाज उठायचा.

काकांनी एकच विचारलं, “इथे पोस्टमन कुठाय?”

प्रश्न बरोबर होता. ओमानात टपाल घरी येत नाही, पोस्टातल्या पेटीत येतं. कॅम्पाचं टपाल कंपनीच्या रुवीतल्या पेटीत, तिथून रेशनच्या ट्रकने आत, ट्रक जाईल तेव्हा. पण सभेला घाई होती. हात वर झाले. माझाही झाला, कारण त्या वर्षी माझी कंबर धरली होती आणि त्या सरळ रस्त्याची मला धास्ती बसली होती. काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मोजला आणि ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं.

मला वाटलं, आता हे राजीनामा देतील. उलट ते दुप्पट कामाला लागले. “ठराव झाला. आता तो माझा ठराव.” प्रत्येक मतदाराला दोन पाकिटं: आतलं कोरं, बाहेरचं सहीचं. सोबत सूचना: ‘मत एकांतात द्यावे. खोलीत एकांत नसल्यास चादर डोक्यावरून घ्यावी.’ आणि प्रत्येक पाकिटात कागदाच्या पुडीत चिमूटभर मेंदी, मतदानानंतर ज्याची त्याने लावून घ्यायला. पाकिटं टाकायला मी पोस्टात गेलो. काउंटरवरच्या ओमानी माणसाला एक पाकीट फुगलेलं वाटलं. त्याने ते फोडलं, हिरवी पूड पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या मोडक्या अरबीत निवडणूक समजावून सांगितली. त्याने पूड हुंगली, साहेबाला बोलावलं, साहेबाने हुंगली. शेवटी साहेब म्हणाला, “हिन्ना. लग्न आहे?” मी म्हणालो, हो. सुटलो.

महिन्याभराने पंपाच्या कामासाठी मी त्याच कॅम्पावर गेलो. परत निघताना शिगवण कापडी पिशवी घेऊन आला.

“तुमी मुंबयला चाल्लाव ना पुढल्या आठवड्यात?”

“हो, सुट्टीवर.”

“ही घ्या. तुमच्या हातात दिली म्हणजे काळजी नाय.”

आखातातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. सुट्टीवर जाणारा प्रत्येकजण सगळ्यांची पत्रं घेऊन जातो आणि मुंबईत पेटीत टाकतो. इथलं पोस्ट वापरतो कोण? कॅम्पावर भारतीय तिकिटांचा साठाच असायचा, आणि पाकीट चिकटवलं की त्यावर तिकीट चिकटवायचं ही हाताची सवय. मी पिशवी बॅगेत टाकली. मुंबईला उतरल्यावर, मोठं सत्कृत्य करत असल्यासारखं, पहिल्याच लाल पेटीत मूठमूठ करून सगळं आत सोडलं. एकही पत्ता वाचला नाही. दुसऱ्यांची पत्रं वाचू नयेत असं माझ्यावर लहानपणी बिंबवलं गेलंय, आणि पत्ता हाही पत्राचाच भाग आहे अशी माझी तेव्हा समजूत होती.

माझं स्वतःचं मत मात्र वेळेत पोचलं होतं. ते मी निघायच्या आधी काकांच्या दाराखालून आत सरकवलं होतं.

मोजणीच्या दिवशी काय झालं ते मला मावशींकडून कळलं. रुवीची, सोहारची, सलालाचीसुद्धा पाकिटं आली. कॅम्पाचं एकही नाही. काकांनी कॅम्पाचा डबा तरीही टेबलावर ठेवला होता. सील केलेला, रिकामा. मुदत संपेपर्यंत ते बसून राहिले. मग चिटणीस हळूच म्हणाला, “काका, त्यांनी मत दिलंच नाही. आपण काय करणार?” काकांनी निकाल जाहीर केला. शिगवणची खुर्ची काढायचा विषय पुढच्या सभेवर ठेवला गेला. घरी येऊन काका जेवायला बसले आणि ताट तिरकं आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मावशींना त्याचीच धास्ती वाटली.

मी सुट्टीवरून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी काका माझ्याकडे आले. हातात सुतळीने बांधलेला पाकिटांचा गठ्ठा. टेबलावर ठेवला. पत्ता आमच्या मंडळाच्या रुवीतल्या पोस्ट पेटीचा, काकांच्याच अक्षरात. तिकीट भारताचं. शिक्का मुंबईचा.

“जावईबापू,” ते म्हणाले, “मुंबईला पेटीत काय टाकलंत?”

मी सगळं सांगितलं: पिशवी, शिगवण, लाल पेटी. घरच्या पत्रांसोबत कॅम्पाची मतंही सवयीने त्याच पिशवीत पडली होती. काका ऐकत होते. मी ओरडा खायची तयारी केली होती. पण ते पाकिटांवरून हात फिरवत होते, एकेक सही बघत होते.

“सगळ्यांनी दिलं होतं हो मत,” ते म्हणाले. “एकही सुटला नाही.”

सभेत त्यांनी तो गठ्ठा चिटणिसासमोर ठेवला. पोराने शिक्के पाहिले, सह्या पाहिल्या, त्याचा चेहरा पडला. “इंटरेस्टचं मी बोललो ते मागे घेतो,” तो म्हणाला. “काका, आत्ता उघडून मोजू या का?”

“मुदत संपली. उघडायचं नाही.”

“मग काय करायचं यांचं?”

“ज्याचं त्याला परत.”

शिगवणची खुर्ची राहिली. पोस्टाचं मतदानही राहिलं, कारण सलालाच्या लोकांना ते आवडलं होतं, आणि बहुमत बहुमत असतं. त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही निघालो. कंबरेचं नाव मी काढलं नाही. आदमच्या पुढे काका आपणहून बोलायला लागले.

“मास्तर होतो तेव्हा माझी ड्यूटी दुसऱ्या गावाला. ड्यूटीवाल्यांनी पोस्टाने मत द्यायचं असतं. मी अर्ज केला. पोस्टमनने मतपत्रिका हातात दिली तेव्हा निवडून आलेल्याच्या गळ्यातले हार सुकून गेले होते.”

“मग काय केलंत?”

“भरली.”

“आणि?”

“आणि काय? भरली. ठेवून दिली. मग मी इकडे आलो.” त्यांनी मांडीवरच्या गठ्ठ्याची सुतळी घट्ट केली. “पोस्टाचं वाईट नसतं, जावईबापू. पण उशिरा पोचलेल्या मताला कुणी सांगत नाही, की तू आलं होतंस.”

कॅम्पावर त्यांनी टेबल पुसून घेतलं. खोकं आणलं नव्हतं, पडदा नव्हता. माणसं काय चाललंय ते न कळून शर्ट बदलून आली. काकांनी यादी उघडली. “महादेव सखाराम शिगवण, तळेवाडी.”

“हजर.”

“तुमचं मत उशिरा पोचलं. चूक तुमची नाही.” मी पाठीमागे जमेल तेवढा लहान होऊन उभा राहिलो. “ते मोजलं गेलं नाही. पण आलं होतं. हे बघा, सील तसंच आहे.” आणि त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी शिगवणच्या हातात दिलं. मग त्याचं डावं बोट पुढे घेऊन नखावर मेंदीचा ठिपका लावला. मग पुढचं नाव. मग त्याच्या पुढचं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. सगळी माणसं बाकावर बोट वर करून बसली होती, आणि मांडीवर प्रत्येकाच्या आपापलं पाकीट. यादी संपल्यावर शिगवणने वाटीत उरलेली मेंदी पाहिली.

“काका, तुमी कधी लावलीच नाय.”

“अधिकारी मतदान करत नाही,” काका म्हणाले आणि वाटी धुवायला घेऊन गेले.

पुढे ते निवृत्त होऊन गावी गेले. यादीत नाव चढवायला त्यांनी तहसील कचेरीच्या इतक्या फेऱ्या मारल्या की तिथला शिपाई मावशींना ओळखायला लागला. पहिल्या निवडणुकीला सकाळी सगळ्यात आधी रांगेत उभे राहिले. मावशींनी फोनवर सांगितलं, “दोन दिवस आमटी-भात चमच्याने जेवतायत. म्हटलं, शाई डाव्या बोटाला आहे, तुम्ही उजव्याने जेवा की. तर म्हणे, उगाच धोका नको.”

इकडे मंडळानेही पुढचा टप्पा गाठला. आता मतपत्रिका ईमेलने येते. परवाच्या निवडणुकीला मी मस्कतबाहेर माबेल्यातल्या घरी, लेंग्यात, टीव्हीचा आवाज कमी करून मत दिलं. मुलीने विचारलं, “बाबा, व्हॉट आर यू डूइंग?” मी म्हणालो, मत देतोय. ती “ओके” म्हणून आत गेली. एवढंच. सोयीचं आहे, तक्रार करायला जागा नाही. रात्री काकांचा फोन आला.

“दिलंत का मत?”

“दिलं, काका.”

“नाव कोणी वाचलं?”

“वाचायचं कोणी? घरीच तर होतो.”

तिकडून घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि कॅम्पाच्या पोर्टाकॅबिनमध्ये लागायचा तो आवाज लावून, आता थोडा थरथरणारा, त्यांनी माझं नाव घेतलं. माझं, माझ्या वडिलांचं, आडनाव, वाडी, गाव. माझ्या वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते नाव मोठ्याने उच्चारलेलं मी कधीपासून ऐकलं नव्हतं.

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

“हजर,” म्हणालो.